बिनतारी संदेशांची टक्कर आणि श्रोत्याचे स्थान

भिलाईतील पोलाद कारखान्याची पाळी सुटावी, किंवा सेक्टर ६ सारख्या वस्तीत एखाद्या उत्सवाची रात्र असावी; हातातील मोबाइलवर संकेताच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसतात, आणि तरीही फोन लागत नाही. लहरी क्षीण असाव्यात, अशी समजूत होते. परंतु त्या रेघा एवढेच सांगतात की, मनोऱ्याचा आवाज आपणांस ऐकू येत आहे. मनोऱ्यास आपला आवाज पोहोचला की नाही, आणि पोहोचलाच तर तो इतरांच्या आवाजात मिसळला की काय, याविषयी त्या मौन पाळतात. टक्कर होते ती ऐकणाऱ्याच्या ठिकाणी. बोलणाऱ्यास तिचा पत्ता नसतो. बिनतारी जाळ्यांच्या गणिताचा पुष्कळसा भाग या एका अडचणीतून निघाला आहे.

या विचाराचा आरंभ १९७१ साली हवाई विद्यापीठात झाला. नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दूरदूरची टोके एका संगणकास बिनतारी पद्धतीने जोडली. या व्यवस्थेचे नाव ‘अलोहा’. तिची रीत आश्चर्य वाटावे इतकी सोपी होती: संदेशखंड सिद्ध झाला की पाठवावा, पोच न आल्यास तो नष्ट झाला असे मानून यदृच्छेने ठरलेला काळ थांबावे आणि पुन्हा पाठवावे. थांबण्याचा काळ सर्वांचा सारखा असता, तर तेच दोघे पुन्हा एकमेकांवर आदळले असते. म्हणून यदृच्छेचा आश्रय. एक खंड सुखरूप पोहोचावयाचा तर त्याच्या आधीच्या एका खंडाइतक्या काळात आणि नंतरच्या तेवढ्याच काळात दुसऱ्या कोणी आरंभ करता कामा नये. यावरून गणित मांडले की मार्गाचा अधिकात अधिक उपयोग सुमारे १८ टक्के निघतो. १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचविले की, प्रत्येकाने घड्याळाच्या ठराविक ठोक्यावरच आरंभ करावा. धोक्याचा काळ निम्मा झाला, आणि उपयोग ३७ टक्क्यांच्या आसपास गेला. परंतु या मर्यादेपलीकडे गर्दी वाढली, तर पोहोचणाऱ्या संदेशांची संख्या वाढत नाही, घटते. पाळी सुटल्यावर दहादा बटण दाबणारा मनुष्य स्वतःचीच वाट अडवीत असतो.

यावर सहज सुचणारा उपाय असा की, आधी ऐकावे, कोणी बोलत नसल्यास मग बोलावे. चारचौघांत आपण हेच करतो. येथे मात्र तो अपुरा पडतो. कल्पना करा की, सेक्टर ६ मधील एका मैदानाच्या मध्यभागी एक जण वॉकीटॉकी घेऊन उभा आहे. मैदानाच्या दोन अंगांस, क्वार्टरांच्या रांगांआड, त्याचे दोन सोबती आहेत. मधल्यास दोघेही ऐकू येतात. त्या दोघांना मात्र एकमेकांचा आवाज येत नाही. पहिला कान देतो, शांतता आढळते, बोलू लागतो. दुसराही तेच करतो. दोघांनीही नियम पाळला, आणि मधल्याच्या कानी केवळ खरखर आली.

लेनर्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी १९७५ मध्ये या अडचणीचे गणिती विवेचन केले व एक उपायही सांगितला: ऐकणाऱ्या केंद्राने ऐकत असेतोवर वेगळ्या कंप्रतेवर सूचक स्वर चालू ठेवावा. १९९० मध्ये फिल कार्न यांनी वेगळ्या स्वरावाचून तेच साधले. बोलणाऱ्याने आधी विचारावे, ‘बोलू का?’ श्रोत्याने म्हणावे, ‘बोल.’ ज्यांच्या कानी हे ‘बोल’ पडेल, त्या सर्वांनी गप्प राहावे. परवानगी श्रोत्याकडून येते, हे यातील मर्म. १९९७ च्या वायफायच्या मानकात ही प्रश्नोत्तरे ऐच्छिक म्हणून आली. ऐच्छिक अशासाठी की, दोन शब्दांच्या निरोपासाठी चार शब्दांची परवानगी मागणे परवडत नाही.

मोबाइलमध्ये संभाषण सुरू झाल्यावर कोणी केव्हा बोलावे हे मनोराच ठरवितो. परंतु ‘मला बोलावयाचे आहे’ ही पहिली विनंती कोणाच्याही परवानगीने करता येत नाही. तेथे अलोहाचीच पद्धत आजही चालते. चौथ्या पिढीच्या जाळ्यात प्रत्येक क्षेत्रासाठी ६४ ठरीव संकेत असतात, आणि फोन त्यांतील एक यदृच्छेने निवडतो. दोघांनी एकाच क्षणी एकच संकेत निवडला, तर मनोऱ्यास ते दोघे एकच भासू शकतात. तो एकास म्हणून उत्तर देतो, आणि दोघे एकदम बोलू लागतात. भरलेल्या रेघा आणि न लागणारा फोन यांचा एक उलगडा येथे आहे.

विनंत्यांचा पूर लोटला तर गणनरीती हात टेकते आणि व्यवस्था काहींना गप्प बसविते. प्रत्येक सिमकार्डावर ० ते ९ यांपैकी एक वर्ग यदृच्छेने नोंदलेला असतो. मनोरा काही वर्गांना काही काळ विनंतीच करू नका असे सांगू शकतो. ११ ते १५ हे वर्ग निराळे. सुरक्षा, पाणी-गॅस पुरवठा आणि तातडीच्या सेवा यांतील माणसांना ते दिले जातात. आणीबाणीच्या क्रमांकास लावलेल्या फोनचा विचार वेगळा, दहाव्या वर्गात होतो. मात्र कारखान्यात काही घडल्याची बातमी वस्तीत पसरली, आणि घरचे माणूस सुखरूप आहे की नाही एवढेच एखाद्या आईला विचारावयाचे असले, तर तो फोन आणीबाणीचा ठरत नाही. तो ० ते ९ मध्येच मोजला जातो.