घरातील क्लाऊडचा जमाखर्च

पुण्यातील एका व्यापारी कुटुंबात आजोबांचे निधन झाले. बँकेला रीतसर कळवताच त्यांचे कार्ड बंद झाले. त्याच कार्डावरून दरमहा क्लाऊडवरील जागेची वर्गणी जात होती, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. वर्गणी थांबली, जागा अपुरी पडली आणि काही दिवसांतच त्यांच्या जीमेलवर नवे पत्र येणे बंद झाले. विमा आणि म्युच्युअल फंडांची सारी विवरणे त्याच पत्त्यावर येत असत. आजींच्या वर्षीतपाच्या पारण्याची छायाचित्रेही तेथेच होती.

सुदैवाने आजोबांच्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर पासवर्ड लिहिलेला सापडला. त्यांचे सिमकार्ड बंद करण्याची घाई केलेली नव्हती, म्हणून पडताळणीचा क्रमांकही मिळाला. यांपैकी एक गोष्ट जरी नसती, तरी काम अवघड झाले असते.

त्यानंतर एका रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून तक्ता मांडला: खाते कोणाचे, वापरलेली जागा किती, वर्गणी किती आणि ती कोणत्या कार्डावरून जाते. आजोबा, मुलगा आणि सून अशा तिघांनी 100 जीबीच्या स्वतंत्र योजना घेतलेल्या आढळल्या. प्रत्यक्ष वापर अनुक्रमे 22, 60 आणि 35 जीबी. 300 जीबीचे पैसे भरले जात होते आणि वापर होता 117 जीबीचा.

गुगलच्या प्रत्येक खात्याला 15 जीबी जागा विनामूल्य मिळते. जीमेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांची मिळून ही जागा असते. 1 जून 2021 पासून नव्याने चढविलेली छायाचित्रे त्यात मोजली जातात, आणि 2024 पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपची जतनप्रतही. सशुल्क योजना घेणाऱ्यास आणखी पाच जणांना कुटुंबगटात सामावून घेता येते. सदस्याची स्वतःची 15 जीबी भरल्यावरच सामायिक जागा वापरली जाते. एकाच्या फाइली दुसऱ्यास दिसत नाहीत. मात्र गटातील सर्वजण एकाच देशात राहणारे असावे लागतात. त्यामुळे अमेरिकेतील कन्येला या गटात घेता आले नाही.

आजोबांच्या खात्यातील 10 जीबी चित्रफिती हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. खाते 12 जीबीवर आले आणि पत्रे पुन्हा येऊ लागली. सून मुलाच्या गटात आली. मुलाचे 60 पूर्ण धरले आणि सुनेचे 15 वरील 20 मिळविले, तरी बेरीज 80 झाली. एकच योजना पुरली.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी गटात प्रवेश घ्यावा, जागा दिसते की नाही हे पाहावे आणि मगच जुनी वर्गणी रद्द करावी. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. कार्डावरील स्वयंचलित वजावटीपूर्वी किमान 24 तास आधी सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. तो संदेश न वाचता पुसू नये. अनावश्यक वजावट ओळखण्याची हीच वेळ असते.

बँकेच्या ठेवीला नामनिर्देशन असते, तशी सोय येथेही आहे. गुगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये खाते ठरावीक काळ, म्हणजे 3 ते 18 महिने, निष्क्रिय राहिल्यास माहिती कोणाला द्यावी हे नोंदविता येते. त्यात दहापर्यंत व्यक्ती नेमता येतात. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. दोन वर्षे निष्क्रिय राहिलेले गुगल खाते पुसले जाऊ शकते, म्हणून ही नोंद आज करून ठेवणे बरे.

परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक धन, धान्य, वास्तू यांची मर्यादा बांधून घेतो. एकाच प्रसंगाची चाळीस छायाचित्रे, वर्षानुवर्षांचे शुभेच्छासंदेश हाही संग्रहच आहे. डोळ्यांना दिसत नाही एवढेच. नवी जागा विकत घेण्यापूर्वी जुने निवडून काढण्याचा नियम त्या कुटुंबाने आता केला आहे. दरवर्षी चातुर्मास बसण्यापूर्वी तक्ता पुन्हा तपासला जातो. त्याची एक प्रत लॉकरमधील बंद पाकिटात असते, आणि ते पाकीट कोठे आहे हे आजींनाही ठाऊक आहे.