भिंतीवरचा नंबर

तालमीत शिरताना आधी वाकावं लागतं. जुन्या तालमींची दारं बुटकी, खिडक्या हातभर, आणि आत भर दुपारीही तिन्हीसांज. डोळे सरावले की पहिल्यांदा दिसतो तांबड्या मातीचा हौदा. मग दिसते भिंत. सगळ्यात वर मारुती, त्याच्याजवळ राजर्षी शाहू महाराज, त्यांच्याखाली वस्ताद, वस्तादांचे वस्ताद, आणि मग एकेक पैलवान. लंगोटावर उभे, छाती पुढे, नजर कॅमेऱ्याच्या जराशी वर. कुणाच्या खांद्यावर गदा, कुणाच्या डोक्याला फेटा, कुणाच्या गळ्यात हार इतके की हनुवटीच दिसत नाही.

मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, मठ, काळा इमाम. कोल्हापुरातली कुठलीही तालीम घ्या, ही भिंत म्हणजे नुसती सजावट नव्हे. ती क्रमवारी आहे. कुणी मतं मागवली नाहीत, गुण दिले नाहीत, पण कुणाची तसबीर कुठल्या खिळ्याला हे सगळ्यांना पाठ असतं. रंग द्यायला म्हणून तसबिरी उतरवल्या आणि परत लावताना एखादी हातभर खाली गेली, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी विचारायला येतंच, “हे कुणी केलं?”

अमेरिकेत ही गोष्ट पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर चालते. बेसबॉलपटूंची चित्रं असलेली कार्डं तिथे आधी सिगारेटच्या आणि पुढे च्युइंगमच्या पाकिटातून मिळत. पोरं ती जमवत, अदलाबदल करत, सायकलच्या चाकाला अडकवून फडफडवत. आता म्हातारी झालेली तीच पोरं एकेका खेळाडूच्या कार्डांचे नंबर लावत बसतात. मिकी मँटल या खेळाडूचं १९५२ सालचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच महिन्यात होनस वॅग्नरचं, शंभर वर्षांहून जुनं, तंबाखू कंपनीचं कार्ड साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. तिथे कार्डाचा कोपरा दुमडलाय का, चित्र चौकटीच्या बरोबर मध्ये बसलंय का, हे भिंगाखाली बघून एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. मँटलच्या कार्डाची सांगोवांगी मात्र मला फार आवडते. त्या वर्षीची उरलेली कार्डं कुणी घेईना, म्हणून कंपनीच्याच माणसाने १९६० साली ती होडीत भरून समुद्रात लोटून दिली, असं तो स्वतः सांगत असे. जे टाकून दिलं, त्याचं मोल वाढलं.

आपल्याकडेही टाकून देण्याचा कारभार मोठाच होता. पण तो तसबिरींचा नव्हे, पोस्टरांचा. त्यावर येतोच.

आधी या भिंतीमागचा माणूस. शाहू महाराजांचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजातलं. क्रिकेटवाले रणजितसिंहही त्याच कॉलेजचे. पुढे रणजींचं चित्र इंग्लंडमध्ये सिगारेटच्या पाकिटातून लोकांच्या खिशात गेलं, आणि शाहूंनी कोल्हापुरात पैलवानांच्या तसबिरी भिंतीवर चढतील अशी व्यवस्था केली. महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. १९०२ साली युरोपात गेले असताना रोमचं गोल प्रेक्षागृह त्यांनी पाहिलं, आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. देशभरातले मल्ल इथे येऊन राहिले. खुराक दरबारचा, माती कोल्हापूरची. शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ते ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा गावातले लोक रस्त्यावर उभं राहून रडले. एकाच आवारात नाटक आणि कुस्ती. हे कोल्हापूरलाच सुचावं.

आता एका पैलवानाचे फोटो घेऊ. गणपतराव आंदळकर. जन्म १९३५ चा, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा. कोल्हापूरला मोतीबागेत आले ते कायमचेच. १९६० साली पंजाबच्या खडकसिंगला हरवून हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. १९६४ ला टोकियो ऑलिंपिक आणि अर्जुन पुरस्कार. नंतरची सगळी हयात मोतीबागेतच वस्ताद म्हणून गेली. सगळे त्यांना आबा म्हणत. १६ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले.

आबांचा सगळ्यात भारी फोटो कुठला, हा प्रश्न चार जुन्या शौकिनांत टाकून बघा. चहा निवतो.

बाहेरचा माणूस हमखास गदेच्या फोटोवर बोट ठेवतो. खरा शौकीन त्याला फार वर घेत नाही. गदेचा फोटो सगळ्यांकडे असतो, तो बक्षिसाचा झाला, माणसाचा नव्हे. काहींचा जीव तरुणपणीच्या फोटोवर. अंगावर अजून चरबीचा थर चढलेला नाही, मान खांद्यातून झाडाच्या बुंध्यासारखी निघालेली. जकार्ता-टोकियोच्या काळातले फोटो शहरात शिकलेल्या लोकांना आवडतात, पण त्यात अंगावर लंगोटाऐवजी घट्ट पोशाख आणि पायाखाली मातीऐवजी गादी. “गादीवरचा हाय,” असं म्हणून जुना माणूस तो फोटो बाजूला सरकवतो. शब्द साधेच, पण त्यात निकाल असतो. पदक कितीही मोठं असो, फोटो मातीवरचा पाहिजे.

आणि मग निघतात कुस्तीतले फोटो. डाव पडतोय, समोरच्याचा एक पाय जमिनीवरून सुटलाय, मागे हजारो पटके आणि टोप्या. असे फोटो थोडे, बहुतेक अस्पष्टच. मैदान चाले उन्हं कलल्यावर, कॅमेरे मंद, आणि पैलवान फोटोसाठी थांबत नसतो. तरी शौकिनांच्या क्रमवारीत पहिला नंबर याच फोटोंचा. कारण यात डाव ओळखता येतो. घिस्सा आहे की ढाक, एकलंगी की कलाजंग, यावर वाद घालता येतो. स्टुडिओतल्या फोटोवर वाद काय घालणार? तिथे तर रिटचिंगवाला बसलेला असे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा गुळगुळीत करणं हे त्याचं काम, आणि त्या भरात तो पैलवानाचे मोडलेले कानही सरळ करून टाकी. वर्षानुवर्षं घासून, रक्त साकळून गोळा झालेला कान हा पैलवानाचा दाखला. तो पुसलेला फोटो बघितला की जुनी माणसं हसतात.

एक गोष्ट मला उशिरा कळली. शौकीन ज्या फोटोला पहिला नंबर देतो, त्या कुस्तीला तो बहुतेक वेळा स्वतः हजर असतो, नाहीतर त्याचा बाप तरी असतो. “ह्या कोपऱ्यात आमी बसलोतो.” फोटोत तो कोपरा दिसतही नसतो. अमेरिकेतला गुण देणारा माणूस कार्ड बघतो, कोल्हापूरचा शौकीन फोटोच्या चौकटीबाहेरचं बघतो. म्हणून इथे तसबिरीला ओल लागलेली चालते, काच तडकलेली चालते, उदबत्तीच्या धुराने कडा तपकिरी झालेल्या चालतात. तालमीतली हवाच तशी. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव. ओलसर माती, घामाच्या वाफा. तिथे टिकलेल्या कागदाचे कोपरे कोण मोजणार?

यात पक्षपातही सणसणीत. श्रीपती खंचनाळे १९५९ चे पहिले हिंदकेसरी. मूळचे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, तालीम शाहूपुरी. शाहूपुरीच्या माणसाला आंदळकरांचा फोटो विचारला की तो खंचनाळेंचा दाखवतो. सांगलीकडचा असेल तर कवठेपिरानच्या मारुती मान्यांपासून सुरुवात करतो. तेही जकार्ताचे सुवर्णवाले आणि १९६४ चे हिंदकेसरी. दादू चौगुलेंचं नाव निघालं की बसलेला माणूस उठून उभा राहतो, १९७० आणि ७१ असा लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी!

आता पोस्टर. पैलवानाचं खरं कार्ड तेच, असं माझं मत आहे.

यात्रेचं मैदान ठरलं की यात्रा कमिटी छापखान्यात जायची. स्वस्त कागद, पिवळा नाहीतर गुलाबी. वर “निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान”, खाली ग्रामदैवताचं नाव, आणि मग जोड्या. पहिली जोड सगळ्यात वर, मोठ्या फोटोत, मध्ये “विरुद्ध”. दुसऱ्या जोडीचे फोटो त्याहून लहान, तिसऱ्याचे पोस्टाच्या तिकिटाएवढे, चौथ्यापासून नुसती नावं. नावाखाली वस्तादांचं नाव, तालीम, गाव आणि इनामाचा आकडा. तळाशी “ऐनवेळच्या कुस्त्या नेमल्या जातील”. फोटोच्या आकारावरून पैलवानाची त्या वर्षीची पत वाचता येई. गेल्या साली तिसऱ्या जोडीत असलेला पोरगा यंदा दुसरीत आला की गाव बोले. दुसरीचा तिसरीत गेला की त्याचा वस्ताद छापखान्यात जाऊन भांडे.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात फोटो छापायचा म्हणजे जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. त्याला पैसे पडत. म्हणून एकदा केलेला ब्लॉक छापखान्याच्या फळीवर राही आणि पुढची कितीतरी वर्षं तोच वापरला जाई. पैलवान तिशीत पोचला, पोट सुटलं, केस विरळ झाले तरी पोस्टरवर तो वीसचाच. ब्लॉक झिजत जाई तसा चेहरा काळवंडे. जमवणाऱ्यांचा डोळा त्यातही तयार होतो. एकाच फोटोची दोन पोस्टरं समोर ठेवली की डाग मोजून ते सांगतात, आधीचं कुठलं.

पण जमवणारे थोडे, कारण जमवायला उरतंच काय? पोस्टर भिंतीवर खळीने चिकटवायचं, आणि खळ पिठाची. रात्री शेळ्या चाटत, पावसात कागद सुटे, आणि त्यावर आठ दिवसांत तमाशाचं नाहीतर सिनेमाचं पोस्टर येई. जी उरली ती न चिकटवलेली, पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली, वहीला कव्हर घातलेली. अशा कव्हरावर पहिली जोड मिळाली तर नशीब, बहुतेक वेळा वहीच्या मापात कापताना एक पैलवान पाठीला जातो आणि दुसरा पुढे राहतो.

या सगळ्या क्रमवारीत अडचण होते ती खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनमध्ये सहावे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे बँटमवेटमध्ये कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण खाशाबा चणीने लहान. छाती-मांड्यांचा फोटो हवा असलेल्या नजरेला तो फोटो भरत नाही, आणि वर तो गादीवरचा. सगळ्यात ठाऊक असलेलं दृश्य पदकाच्या चौथऱ्याचं. मध्ये जपानचा इशी, एका बाजूला सोव्हिएत मल्ल, आणि तिसऱ्या पायरीवर आपला माणूस. तालमीच्या हिशेबात तिसरा म्हणजे हरलेला. इथे चितपट तरी करायचं, नाहीतर चितपट तरी व्हायचं. हा हिशेब मला पटत नाही. सरकारचा हिशेबही काही वेगळा नव्हता. खाशाबा पोलिसात नोकरी करून निवृत्त झाले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर आला. त्यांच्या फोटोंची क्रमवारी मला कुणी विचारली तर पदकाचा फोटो मी दुसरा ठेवीन. पहिला मान त्यांच्या स्वागताच्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीचा. गाड्यांचा आकडा लोक एकशे एक्कावन्न सांगतात.

आमची पिढी मात्र क्रमवारी शिकली ती ट्रम्प कार्डांवर. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते निघत. प्रत्येकावर रँक, उंची, वजन, छाती, दंड आणि जिंकलेल्या कुस्त्या छापलेल्या. योकोझुना हातात आला की वजन बोलायचं, समोरच्याचं कार्ड आपलं. पेठेतल्या पोरांच्या घरी भिंतीवर खरा हिंदकेसरी आणि खिशात अंडरटेकर. एका मित्राच्या आजोबांनी ती कार्डं हातात घेऊन एकेक नीट बघितली आणि विचारलं, “वस्ताद कोण यांचा? लिवलं न्हाई.”

आता पेठांतल्या कित्येक तालमींची नावं फुटबॉलच्या संघांमुळे जास्त घेतली जातात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. विश्वचषक आला की गल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझील समोरासमोर टांगले जातात. आबांच्या पुण्यतिथीला त्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात, संगणकाने रंगवलेले, माती नको तितकी लाल.

पोस्टराची जागा फ्लेक्सने घेतली. त्यात सगळेच मोठे. पहिल्या जोडीपेक्षा देणगीदाराचा चेहरा मोठा, आणि कडेने वाढदिवसवाल्या कार्यकर्त्यांची रांग. पण फ्लेक्स शेळी चाटत नाही, पावसात सुटतही नाही. मैदान संपलं की तो उतरवून शेतकरी घरी नेतात. मागच्या पावसाळ्यात राधानगरी रस्त्याला एका गोठ्यापुढे वैरणीच्या ढिगावर असा एक अंथरलेला दिसला. चारी कडांना दगड ठेवलेले, वर दोन पैलवान उताणे. गोठ्यातून म्हातारा बाहेर आला, मी काय बघतोय ते त्याने ओळखलं आणि म्हणाला, “डावीकडचा आमच्या गावचा. दुसऱ्या जोडीला हुता.”