मॅपलच्या रसाची काकवी

प्रस्तावना

गोडाशिवाय आपला सण साजरा होत नाही. कोल्हापूर परिसरात उसाच्या रसापासून गूळ तयार होतो. गोव्यात माडाच्या ताज्या रसापासून गूळ करतात, तर बंगालमध्ये हिवाळा आला की खजुरीच्या रसाचा सुवासिक गूळ घरोघरी येतो. गूळ घट्ट होण्यापूर्वीच्या दाट, सोनेरी पाकाला आपण काकवी म्हणतो. उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात अशीच एक काकवी एका वृक्षाच्या रसापासून तयार करतात. त्या वृक्षाचे नाव मॅपल. ही काकवी कशी होते, ती वर्षातून काही आठवडेच का करता येते आणि ती करणाऱ्या माणसांना कोणता विचार करावा लागतो, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मॅपलच्या झाडातून रस का वाहतो, ते सांगू शकाल.
• रसापासून काकवी तयार करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहू शकाल.
• निसर्गाकडून किती घ्यावे, या प्रश्नाचा आपल्या अनुभवाशी संबंध जोडू शकाल.

मूळ पाठ

ऋतूची चाहूल

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे एक लहानसे डोंगराळ राज्य आहे. त्याच्या उत्तरेला कॅनडाचा क्वेबेक प्रांत लागतो. या भागात हिवाळा दीर्घ असतो. फेब्रुवारी सरत आला तरी रानात गुडघाभर बर्फ असते आणि झाडांवर एकही पान नसते. तरीही एखाद्या दुपारी ऊन जरा तापते, छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांतून थेंब गळू लागतात आणि रात्री ते पुन्हा गोठतात. या खुणेची वाट पाहणारी माणसे तेव्हा लगबगीने कामाला लागतात.

अशाच एका शेतकरी कुटुंबाची आपण कल्पना करू. घरात आजोबा, आई-वडील आणि दोन मुले आहेत. परसात आणि कुंपणाच्या कडेने मॅपलची बारा जुनी झाडे आहेत. या कुटुंबाचा हा व्यवसाय नव्हे. वर्षभर घराला पुरेल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना देता येईल इतकीच काकवी त्यांना हवी असते. मात्र त्यासाठीची तयारी मागच्या उन्हाळ्यातच सुरू झालेली असते. जळाऊ लाकूड फोडून, वाळवून, रचून ठेवलेले असते. बादल्या, झाकणे आणि तोट्या घासूनपुसून घेतलेल्या असतात. जुन्या बादल्यांच्या सांध्यांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तशा बादल्या कितीही भक्कम असल्या तरी बाजूला काढल्या जातात.

झाड रस का देते?

मॅपलच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी ‘शुगर मॅपल’ या जातीचा रस सर्वांत गोड असतो. काश्मीरच्या चिनाराचे पान दिसायला मॅपलच्या पानासारखे असले, तरी तो वृक्ष वेगळ्या कुळातला आहे.

उन्हाळ्यात मॅपलची हिरवी पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. गरजेपेक्षा अधिक झालेले अन्न पिष्टाच्या रूपाने खोडात आणि मुळांत साठते. थंडीच्या दिवसांत या पिष्टाची साखर होऊ लागते. वसंतात नवी पालवी फुटावी, यासाठी झाडाने राखून ठेवलेली ही शिदोरीच असते.

आता हा रस बाहेर कसा येतो ते पाहू. खोडाच्या सालीखालील जिवंत लाकडाला रसकाष्ठ म्हणतात. मॅपलच्या रसकाष्ठातील काही बारीक पोकळ तंतूंमध्ये पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री तापमान शून्य अंशाखाली गेले की या पोकळ्यांच्या आतल्या बाजूला बर्फ जमते आणि वायू आक्रसतो. त्यामुळे झाडात ओढ निर्माण होऊन मुळांकडून पाणी वर खेचले जाते. दुसऱ्या दिवशी ऊन पडून तापमान चार-पाच अंशांच्या वर गेले की बर्फ वितळते, कोंडलेला वायू प्रसरण पावतो आणि झाडातील रसावर दाब येतो. अशा वेळी खोडाला छिद्र असेल, तर रस थेंबाथेंबाने बाहेर पडतो.

याचाच अर्थ, नुसती थंडी असून भागत नाही आणि नुसते ऊनही उपयोगी पडत नाही. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे हा खेळ चालू राहिला, तरच रस वाहतो. हा काळ जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा असतो. त्यातही प्रत्येक दिवस सारखा नसतो. एखाद्या दिवशी बादली भरून वाहते, तर पुढचे तीन दिवस ती कोरडीच राहते.

किती घ्यावे?

छिद्र पाडण्याच्या दिवशी आजोबांच्या एका हातात गिरमिट असते आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे खोड झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. इतके वाढायला झाडाला साधारणपणे चाळीस वर्षे लागतात. व्यास थेट मोजता येत नाही, म्हणून खोडाचा घेर मोजतात. घेर सुमारे ९५ सेंटिमीटर भरला, की व्यास ३० सेंटिमीटर झाला असे समजावे. मोठ्या, जुन्या झाडाला दोन छिद्रे चालतात, बाकीच्यांना एकच.

धाकट्या नातवाला विहिरीजवळचे सडसडीत झाड आवडते. “आजोबा, याला का नाही?” असे तो दरवर्षी विचारतो. आजोबा काही न बोलता मोजपट्टी त्याच्याच हाती देतात. घेर ८० सेंटिमीटर भरतो. नातू मान हलवतो आणि पुढच्या झाडाकडे वळतो.

गिरमिटाने पाडलेले छिद्र करंगळीएवढेही रुंद नसते आणि ते सुमारे चार-पाच सेंटिमीटर खोल असते. रस आपोआप बाहेर ओघळावा म्हणून त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवतात. त्यात तोटी हलकेच ठोकून बसवतात. जोराने ठोकली तर लाकूड चिरते. तोटीला बादली अडकवतात आणि पाऊस-बर्फ आत पडू नये म्हणून वर झाकण घालतात.

छिद्र ही झाडाला झालेली जखम असते. झाड आपली जखम आतून बंद करते आणि पुढे एक-दोन वर्षांत ती वरून भरून येते. मात्र छिद्राच्या वरखालचे थोडे लाकूड कायमचे निकामी होते. म्हणून पुढच्या वर्षीचे छिद्र जुन्या खुणेपासून दूर घेतात. हा संयम पाळला, तर एकच झाड शंभर वर्षांहून अधिक काळ रस देऊ शकते. हव्यासापोटी कोवळ्या झाडाला किंवा एकाच झाडाला अनेक छिद्रे पाडली, तर झाड खंगते. झाडाच्या शिदोरीतला लहानसा वाटा घ्यायचा आणि पालवीसाठी बाकीचा त्याच्यापाशी राहू द्यायचा, हे या कामाचे पहिले सूत्र आहे.

चुलवाणापाशी

ताजा रस पाण्यासारखा नितळ असतो. जिभेवर ठेवला तर गोडवा जेमतेम जाणवतो. उसाच्या रसात साखरेचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास असते. मॅपलच्या रसात ते शेकडा दोनच असते. म्हणूनच सुमारे ४० लिटर रस आटवावा, तेव्हा एक लिटर काकवी हाती लागते. आपल्या कुटुंबाच्या बारा झाडांना मिळून पंधरा छिद्रे आहेत. चांगल्या हंगामात एका छिद्रातून साधारण ४० लिटर रस मिळतो. म्हणजे एकूण ६०० लिटर रस आणि त्याची काकवी केवळ १५ लिटर! उरलेल्या ५८५ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. एवढी वाफ घरात कोंडली तर भिंती ओल्या होतील, म्हणून चुलवाण अंगणात किंवा वेगळ्या खोपटात असते.

हा रस दुधासारखाच नासतो. त्यामुळे तो बर्फात पुरलेल्या पिंपात साठवून दोन-तीन दिवसांत आटवावा लागतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे चुलवाण पेटते. पसरट काहिलीत रस ओततात. पसरट अशासाठी, की पृष्ठभाग जितका मोठा, तितकी वाफ लवकर होते. रस आटत जाईल तसतसा नवा रस थोडाथोडा घालतात. फेस वर आला, तर लोण्याचा एक कण टाकताच तो खाली बसतो. जाळ सतत एकसारखा ठेवावा लागतो. दुपार होते, संध्याकाळ होते. रसाचा रंग आधी फिकट पिवळा आणि मग मधासारखा होतो.

खरी परीक्षा शेवटच्या अर्ध्या तासात असते. काहिलीत आता थोडाच पाक उरलेला असतो आणि तो झपाट्याने घट्ट होत असतो. पाणी ज्या तापमानाला उकळते त्याहून सुमारे चार अंश अधिक, म्हणजे समुद्रसपाटीला १०४ अंश सेल्सिअस तापमान झाले, की काकवी तयार होते. डोंगराळ भागात पाणी कमी तापमानाला उकळते. म्हणून आई आधी साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू पाहून घेते. आजोबा मात्र पळी बुडवून तिरपी धरतात. पाक थेंबाथेंबाने न गळता पळीच्या कडेवरून पडद्यासारखा सरकला, की ते “झाले” म्हणतात. तापमापक आणि पळी यांचे बहुधा एकमत होते. काकवी लवकर उतरवली तर ती पुढे आंबते. उशीर झाला तर तिच्यात साखरेचे खडे धरतात. आणि क्षणभर दुर्लक्ष झाले, तर दिवसभराची मेहनत आणि गाडीभर लाकूड डोळ्यांदेखत करपून जाते. म्हणून त्या अर्ध्या तासात कोणी गप्पा मारत नाही.

तयार काकवीत खनिजांचा बारीक, रेतीसारखा गाळ असतो. लोकरीच्या जाड कापडातून तो गाळून काढतात आणि काकवी गरम असतानाच बाटल्यांत भरून झाकणे घट्ट लावतात. हंगामाच्या सुरुवातीची काकवी फिकट आणि सौम्य चवीची, तर शेवटची गडद आणि उग्र चवीची असते. झाडांच्या कळ्या फुगू लागल्या की रसाला विचित्र चव येते. मग तोट्या काढून घेतात आणि हंगाम संपतो.

मुलांचा वाटा अजून राहिलेला असतो. थोडा पाक अधिक घट्ट करून स्वच्छ बर्फावर धारेने ओततात. तो गोठून चिवट, चघळता येईल असा होतो. व्हरमाँटमध्ये गोडाने तोंड मिटले, की सोबत काकडीच्या आंबट लोणच्याची फोड खाण्याची रीत आहे!

ही विद्या कोणाची?

मॅपलच्या रसाचा गोडवा युरोपीय लोकांनी शोधलेला नाही. अनिशिनाबे, हौदेनोशौनी, अबेनाकी इत्यादी मूळ रहिवाशांना तो फार पूर्वीपासून ठाऊक होता. भूर्जवृक्षाच्या सालीच्या भांड्यांत ते रस साठवत. ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले, त्याच कुळातला हा वृक्ष. हे लोक रसापासून मुख्यतः कोरडी साखर करत, कारण ती वर्षभर टिकते आणि सहज वाहून नेता येते. अनिशिनाबे पंचांगात तर रस आटवण्याच्या महिन्याला त्या कामावरूनच नाव आहे. पुढे वसाहतवाल्यांनी लोखंडी कढया आणल्या, ही विद्या शिकून घेतली आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांच्या जमिनी मात्र बळकावल्या. आजही अनेक अनिशिनाबे कुटुंबे हंगामाच्या प्रारंभी झाडांचे आभार मानून कामाला सुरुवात करतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या साखरेला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. त्या काळी उसाची साखर वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांच्या श्रमातून येत असे. गुलामगिरीला विरोध करणारे फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांनी १७९०च्या सुमारास मॅपलच्या साखरेचा पुरस्कार केला. उसाच्या साखरेला ती मागे टाकू शकली नाही. परंतु आपल्या ताटातील गोडामागे कोणाचे कष्ट आहेत, हा प्रश्न लोकांपुढे उभा राहिला.

आज आणि उद्या

आज जगातील बहुतांश मॅपल काकवी कॅनडात, त्यातही मुख्यतः क्वेबेकमध्ये तयार होते. १५ फेब्रुवारी १९६५ पासून कॅनडाच्या राष्ट्रध्वजावर मॅपलचे पान विराजमान आहे. मोठ्या उत्पादकांनी बादल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या नळ्यांची जाळी पसरली आहेत आणि रसातील बरेचसे पाणी ते यंत्राने आधीच काढून टाकतात. परसातील चुलवाणाची रीत मात्र अजून टिकून आहे.

काळजीचे कारण वेगळेच आहे. हिवाळा सौम्य होत चालला आहे. मार्च २०१२ मध्ये या भागात अवेळी उष्णतेची लाट आली, रात्री गोठेनाशा झाल्या आणि अमेरिकेतील उत्पादन एकदम घटले. झाडे होती, बादल्या होत्या, लाकूडही रचलेले होते. नव्हती ती फक्त थंडी. अनेक कुटुंबे आता पूर्वीपेक्षा लवकर छिद्रे पाडतात. लवकर पाडले आणि ऊन लांबले, तर छिद्र वाळते. थांबावे तर रस वाहून जाण्याची भीती. आजोबांच्या पिढीला तारखा पाठ होत्या. आता दर वर्षी आकाशाकडे नव्याने पाहावे लागते.

तरीही त्या घरात शेवटची बाटली भरून झाल्यावर एक काम न चुकता होते. नातू मोजपट्टी घेऊन विहिरीजवळच्या झाडाकडे जातो आणि त्याचा घेर वहीत लिहून ठेवतो. त्या झाडाला छिद्र पाडायला अजून दहा-पंधरा वर्षे आहेत. तोवर हा मुलगा मोठा होईल. ज्यांनी ही झाडे जपली, त्यांच्यातील पुष्कळांनी त्यांचा रस चाखलाही नसेल. आंबा लावणाऱ्या आपल्याकडील आजोबांना हे निराळे सांगावे लागणार नाही.

पाठान्त प्रश्न

१. मॅपलचा रस वाहण्यासाठी रात्रीची थंडी आणि दिवसाचे ऊन ही दोन्ही का आवश्यक असतात?
२. ४० लिटर रसापासून एक लिटर काकवी होते, तर २०० लिटर रसापासून किती काकवी होईल?
३. “त्या अर्ध्या तासात कोणी गप्पा मारत नाही.” या वाक्यातील कारण तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या भागात झाडापासून रस, डिंक, मध किंवा पाने घेताना कोणते नियम पाळतात? वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.