अविभक्त जमिनीवरची तीन चर्च

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचं बंदराचं शहर आहे. येल विद्यापीठामुळे ते जगाला माहीत. शहराच्या अगदी मध्यावर सुमारे सोळा एकरांचं मैदान आहे. त्याला नुसतं ‘ग्रीन’ म्हणतात. पश्चिमेला येलचं जुनं आवार, पूर्वेला सिटी हॉल, दक्षिणेला दुकानं. मैदानाच्या मधून टेंपल स्ट्रीट जाते आणि तिच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून, तीन चर्च एका रांगेत उभी आहेत: उत्तरेला युनायटेड, मधोमध सेंटर, दक्षिणेला ट्रिनिटी. तिन्हींची बांधकामं १८१२ ते १८१६ या चार-पाच वर्षांतली.

पाहणाऱ्याला वाटतं, गाव वसवतानाच कुणी तरी ही जागा देवळांसाठी आखून दिली असणार. ते अर्धंच खरं आहे. जागा राखली होती बाजारासाठी, आणि त्यावर प्रार्थनेची इमारत एकच असायची होती. बाकीच्यांना तिथे यायला खूप काळ लागला, आणि काहींना जागा कधी मिळालीच नाही.

१६३८च्या वसंतात व्यापारी थिओफिलस ईटन आणि धर्मोपदेशक जॉन डेव्हनपोर्ट हे इंग्लंडच्या राजाच्या चर्चवर नाराज असलेली प्युरिटन मंडळी घेऊन क्विनिपिअक लोकांच्या मुलखात उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोमॉगिन या क्विनिपिअक प्रमुखाशी जमिनीचा करार झाला. मोबदल्यात संरक्षणाचं आश्वासन आणि माल: बारा कोट, बारा कुऱ्हाडी, बारा चमचे, दोन डझन सुऱ्या, असं काहीबाही. मूळ लोकांसाठी खाडीच्या पूर्वेला वेगळी जमीन ठेवली गेली. एका शहराच्या किमतीचा हा हिशेब वाचून आजही अवघडल्यासारखं होतं.

गावाची आखणी मात्र देखणी. जॉन ब्रॉकेटने नऊ समान चौक पाडले, तीन-तीन चौकांच्या तीन ओळी. आठ चौक घरांना, नववा मधला मोकळा. १६३९ साली गावाने ठराव केला की तिथे पन्नास फूट चौरस सभागृह बांधायचं. प्युरिटन लोक इमारतीला चर्च म्हणत नसत. चर्च म्हणजे माणसं, इमारत म्हणजे जमण्याची जागा. त्याच छपराखाली प्रार्थना व्हायची आणि गावसभाही. मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सभासदांना, हे त्याच वर्षी एका धान्याच्या कोठारात भरलेल्या सभेत ठरलं होतं. एका धर्मसभेचं गाव, म्हणून एकच इमारत. भोवतीच्या मोकळ्या जागेत गुरं चरत, पहारेकरी कवायत करत, बाजार भरे. आणि सभागृहाच्या मागे गाव आपली माणसं पुरत असे.

या पुरण्याच्या जागेत एक फरारी झोपला आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्यांपैकी एक, जॉन डिक्सवेल, हा ‘जेम्स डेव्हिड्स’ या नावाने इथे राहिला आणि १६८९ साली वारला. त्याचं थडगं आजही सेंटर चर्चच्या मागे आहे.

एकीला पहिला तडा बाहेरून नाही, आतूनच गेला. १७४०च्या सुमारास जॉर्ज व्हाइटफील्डसारख्या फिरत्या प्रवचनकारांनी न्यू इंग्लंड ढवळून काढलं. शांत बसून प्रवचन ऐकायचं की रडून-भेकून पश्चात्ताप करायचा, यावर जुन्या मंडळींशी वाद पेटला आणि १७४२ साली एक गट वेगळा झाला. पुढे त्यातूनही आणखी एक फुटला. दोन्ही फुटीर गट १७९६ साली पुन्हा एकत्र आले, म्हणून त्यांच्या चर्चचं नाव युनायटेड. या नावाच्या पाठीमागे दोन भांडणं आहेत, हे दारावरची पाटी सांगत नाही.

ट्रिनिटीची गोष्ट निराळी. ते इंग्लंडच्या राजाच्या पंथाचं, म्हणजे ज्याच्यापासून प्युरिटन पळून आले तोच पंथ. त्यांचं पहिलं लाकडी चर्च ग्रीनवर नाही, समोरच्या रस्त्यावर बांधलं गेलं. मैदानावर पाय ठेवायला मिळाला तो स्वातंत्र्ययुद्धानंतर, १८१०च्या दशकात. आणि आल्यावर त्यांनी शेजाऱ्यांसारखं दिसायचं नाकारलं. सेंटर आणि युनायटेड लाल विटांची, पांढऱ्या खांबांची, सरळ रेषांची. ट्रिनिटी टोकदार कमानींची, गॉथिक घाटाची, काळसर ट्रॅप दगडाची. हा दगड आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या गोत्रातला. अमेरिकेतल्या गॉथिक पुनरुज्जीवनाच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत ट्रिनिटीची गणना होते. गंमत अशी की सेंटर आणि ट्रिनिटी दोन्हींची उभारणी इथिएल टाउन याच्याच हातची. दोन पंथांसाठी दोन भाषांत बोलणारा हा वास्तुकार मला तिथल्या कुठल्याही धर्मोपदेशकापेक्षा शहाणा वाटतो.

सेंटर चर्च म्हणजे मूळ सभागृहाचंच पुढचं रूप. ते आधीच्या इमारतीपेक्षा मोठं करायचं होतं, आणि मागे कबरी होत्या. कबरी हलवायच्या नाहीत म्हणून इमारत त्यांच्या वर उचलून बांधली. आज तळघरात उतरलं की विटांच्या खांबांमध्ये १३७ थडग्यांचे दगड जिथल्या तिथे उभे दिसतात. सर्वांत जुना १६८७चा. एक दगड मार्गारेट अर्नोल्डचा आहे. तिचा नवरा बेनेडिक्ट अर्नोल्ड याने १७७५ साली गावच्या दारूगोळ्याच्या किल्ल्या हट्टाने मिळवून बोस्टनकडे कूच केलं होतं. पुढे तोच अमेरिकेचा सर्वांत कुप्रसिद्ध गद्दार ठरला. बाहेरच्या कबरींचे दगड १८२१ साली नव्या ग्रोव्ह स्ट्रीट स्मशानभूमीत नेले, पण माणसं तिथेच राहिली. हजारो देह गवताखाली आहेत, असा अंदाज आहे. २०१२च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने लिंकनच्या जन्मशताब्दीला लावलेला ओक उन्मळून पाडला, तेव्हा मुळांत अडकलेली हाडं वर आली.

तीन चर्च उभी राहिली आणि लगेच, १८१८च्या राज्यघटनेने कनेटिकटात सरकारमान्य धर्म संपला. मेथॉडिस्टांनीही मैदानाच्या वायव्य कोपऱ्यात विटांचं चर्च बांधलं. १८४८ साली ते तिथून हललं आणि रस्त्यापलीकडे गेलं. कॅथलिकांनी प्रतिष्ठितांच्या हिलहाउस अ‍ॅव्हेन्यूवर सेंट मेरी बांधलं, तेव्हा तिथेही नाकं मुरडली गेली. ग्रीक देवळासारखी राज्य विधिमंडळाची इमारतही ग्रीनवर होती. न्यू हेवनचं राजधानीपण गेलं आणि १८८९ साली तीही पाडली. इतर सगळं गेलं, तीन राहिली.

येलचं नावही या कथेत बसतं, आणि तो धागा भारताकडे येतो. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर राहिलेला एलिहू येल याने ४१७ पुस्तकं, राजाचं चित्र आणि नऊ गासड्या माल पाठवला. तो विकून साडेपाचशे पौंडांहून थोडे अधिक आले. १७१८ साली कॉलेजला त्याचं नाव मिळालं. मद्रासमध्ये कमावलेल्या पैशाचा असा वास असणाऱ्या जागेवर भारतीय विद्यार्थी आज सहज बसलेले दिसतात.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. ही जमीन नगरपालिकेची नाही, चर्चची नाही, राज्याची नाही. ती ‘सामाईक आणि अविभक्त जमिनीच्या मालकांच्या समितीची’ आहे. समितीत पाच जण, आजन्म. एखादा गेला की उरलेले नवा निवडतात. मतदाराचा संबंध नाही. पहिल्या वसाहतवाल्यांनी वाटून न घेतलेल्या जमिनीची ही शिल्लक. आपल्याकडे गायरानाचा ताबा ग्रामपंचायतीकडे असतो आणि तरी भांडणं सरत नाहीत. इथे पाच माणसं जपतात, म्हणूनच मॉल उभा राहिला नाही, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पण २०११ साली आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनवाल्यांनी तंबू ठोकले आणि नगरपालिकेने हलवायला सांगितलं, तेव्हा आंदोलकांच्या वकिलांनी हाच मुद्दा धरला: या पाच जणांना मालकी दिली कुणी? प्रश्न न्यायालयात गेला, काही काळ तंबू टिकले, एप्रिल २०१२मध्ये ते हटले. समिती आहे तशीच आहे.