दवाखाना आणि कायदा, लेखांक ६ : रूपाची शस्त्रक्रिया आणि रात्रीची वाट

गेल्या आठवड्यात नर्सिंग होमच्या नोंदणीचं पाहिलं. आज तिच्या कडेकडेने वाढलेला व्यवसाय घेऊ : केसांचं रोपण, चरबी काढणं, नाकाचा आकार बदलणं. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि रायगडकराला मुंबईतलं क्लिनिक एका दिवसात जाऊन येण्याजोगं झालं. निदान जाण्याजोगं तरी.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. २०२१ मध्ये दिल्लीत एका तरुणाच्या बाबतीत तसंच घडलं. त्या तरुणाची आई उच्च न्यायालयात गेली. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे, असं आयोगाला त्यात लिहावं लागलं. लिहावं लागलं, यातच काय चाललं होतं ते कळतं. सुरी कोणाच्या हाती हवी? प्लास्टिक सर्जन किंवा शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ. मदतनीस असू शकतात, पण जबाबदारी डॉक्टरचीच. डिसेंबर २०२२ मध्ये दंत परिषदेने मुख व जबडा शल्यविशारदांचाही यावर हक्क सांगितला. तो वाद डॉक्टरांचा डॉक्टरांत चालू राहील.

आमच्या किनाऱ्याला खरा लागू पडतो तो आणीबाणीचा भाग. जिथे शस्त्रक्रिया होते तिथे रुग्णावर लक्ष ठेवण्याची आणि प्रकृती बिघडली तर सावरण्याची सोय हवी. अशी शस्त्रक्रिया कधीच तातडीची नसते, म्हणून सोय नसताना ती करण्याला सबबही नसते. मुंबईत हे कलम किरकोळ वाटेल. श्रीवर्धनच्या माणसाला नाही. तो सकाळी भुलीचं इंजेक्शन घेतो, संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून एसटीत बसतो आणि मध्यरात्री चेहरा सुजून श्वास लागला, तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभरेक किलोमीटरवर. आगरदांड्याची जंगलजेट्टी (फेरीबोट) रात्री मिळेलच असं नाही, आणि पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी लाँचही बंद. क्लिनिकने ‘घरी गेलात तरी चालेल’ म्हटलं, तर ‘कोणाचं घर, किती लांब?’ असं त्याने आधी विचारलं होतं का?

क्लिनिकच्या बाजूने पाहिलं तर गणित अवघड आहे. पेणच्या एका गाळ्यात त्वचेचा दवाखाना चालवणाऱ्याला शस्त्रक्रियागृह आणि प्राणवायूची व्यवस्था परवडत नाही. मग त्याने मोठ्या रुग्णालयाचं शस्त्रक्रियागृह भाड्याने घ्यावं. माझ्या मते तेच योग्य, दर वाढले तरी. पण सक्ती कोण करणार? महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. १९४९ चा नर्सिंग होम कायदा रुग्णाला ठेवून घेणाऱ्या जागांसाठी आहे, त्यामुळे खाट नसलेला दवाखाना त्याच्या जाळ्यातून सहज निसटतो.

पैशांची रेघ मात्र स्पष्ट आहे. निव्वळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि केशरोपण यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. जन्मतः दुभंगलेला ओठ, भाजल्याचे व्रण, अपघाताने मोडलेलं नाक पूर्ववत करणं करमुक्त. बिलात कर दिसला तर कारण विचारा.

कागदही मागून घ्या. २००२ च्या आचारनियमांप्रमाणे डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, पावतीवर छापायचा, शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्यायची आणि रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्यायच्या. आपण केलेल्या शस्त्रक्रियांची बढाई मारायलाही तेच नियम मनाई करतात. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून आजही आधार २००२ चाच. फोनवर दिसणारी ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रं या नजरेने पाहा.

इतकं करूनही बिघडलं, तर ग्राहक आयोगात जाता येतं. अर्ज कसा करायचा, ते पुढच्या लेखांकात.