श्वास सांभाळायचं शिक्षण : आयसीयूमध्ये रेस्पिरेटरी थेरपीचा विद्यार्थी काय शिकतो?



बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्याकडे ठरलेला प्रश्न येतो, "सर, नीटला मार्क कमी पडले, आता काय?" मग कोणीतरी पॅरामेडिकलचं माहितीपत्रक आणून दाखवतं. त्यात 'रेस्पिरेटरी थेरपी' हे नाव असतं. हे नक्की काय काम आहे आणि ते शिकवतात कसं, हे आज समजून घेऊ.

आधी आपल्या शिवारातलं उदाहरण

परभणी जिल्ह्यात जिंतूर असो की पालम, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. विषामुळे स्नायू लुळे पडत जातात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात. अशा वेळी माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, पण त्याला बोटही हलवता येत नाही. प्रतिविष देतातच, पण लुळे पडलेले स्नायू त्याने लगेच सुधारत नाहीत. त्याला काही दिवस कृत्रिम श्वास मिळाला, तर तो बहुधा चालत घरी जातो. कीटकनाशकाच्या विषबाधेतही पुष्कळदा व्हेंटिलेटरच लागतो.

म्हणजे औषधाइतकंच महत्त्व श्वास चालू ठेवण्याला आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे काम करणारा प्रशिक्षित माणूस म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्ट.

सुरुवात विद्यार्थ्यांच्या हातांनी झाली

१९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. रुग्णांचे श्वास थांबत होते आणि यंत्रं मोजकीच होती. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्यायची, असा मार्ग काढला. पण दिवसरात्र पिशवी दाबणार कोण? सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथूनच झाली असं मानतात.

प्रशिक्षणाचे टप्पे

पहिला टप्पा प्रयोगशाळेतला. पुतळ्यावर मास्क घट्ट धरणं, अँबू बॅग दाबणं, रबरी फुप्फुस जोडून व्हेंटिलेटर लावणं.

दुसरा टप्पा आयसीयूत बघण्याचा. हात कसे धुवायचे, पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश का उचलायची, नळीतला कफ कसा ओढून काढायचा, नळीच्या फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर (पाण्याच्या उंचीत) का ठेवायचा. दाब कमी पडला तर लाळ फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनळीला इजा होते.

तिसरा टप्पा देखरेखीखाली स्वतः करण्याचा. इथे आपलं शाळेतलं गणित कामाला येतं. व्हेंटिलेटरने एका श्वासात किती हवा द्यायची, हे उंचीवरून ठरतं. कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. पाच फूट उंचीच्या बाईचं हिशोबाचं वजन ४५.५ किलो धरतात. किलोमागे ६ मिली, म्हणजे २७३ मिली. तिचं खरं वजन ७५ किलो असेल आणि विद्यार्थ्याने तेच धरलं, तर हवा ४५० मिली जाईल. आधीच आजारी असलेलं फुप्फुस त्याने आणखी बिघडतं. २००० साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात, फुप्फुसाला गंभीर सूज असलेल्या रुग्णांना १२ ऐवजी ६ मिलीने हवा दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

यंत्र काढायचं कधी, याचाही भागाकार आहे. मिनिटातले श्वास भागिले एका श्वासातली हवा (लिटरमध्ये). २० भागिले ०.४ म्हणजे ५०, हे ठीक. ३५ भागिले ०.२५ म्हणजे १४०. उत्तर १०५ च्या वर गेलं, तर रुग्ण अजून तयार नाही असं समजतात. अर्थात नुसत्या आकड्यावर नळी काढत नाहीत. रुग्ण जागा आहे का, त्याला खोकता येतं का, हेही बघतात.

सगळ्यात अवघड धडा अलार्मचा. अलार्म वाजला की नवा विद्यार्थी आधी यंत्राकडे बघतो. त्याला शिकवतात की आधी माणसाकडे बघ. मग चार प्रश्न : नळी सरकली का? नळी तुंबली का? फुप्फुसाबाहेर हवा साठली का? यंत्रच बिघडलं का? काहीच कळेना आणि रुग्ण खालावतोय, तर मदतीला हाक मार, यंत्र सोडव आणि अँबू बॅगने श्वास दे. हे पुस्तकात चार ओळींचं आहे. पण ते हातात बसायला पलंगाजवळच उभं राहावं लागतं.

पालकांनी काय विचारावं?

माझा एक माजी विद्यार्थी दोन वर्षांचा कोर्स करून आला. प्रमाणपत्र होतं, पण व्हेंटिलेटरला त्याचा कधी हात लागला नव्हता. पहिल्या नोकरीत आठवडाभरात त्याला घरी पाठवलं. वडिलांनी सोयाबीन विकून फी भरली होती. म्हणून प्रवेशाआधी हे विचारा :

१. कॉलेजला जोडलेलं रुग्णालय कोणतं? आयसीयूत पलंग आणि व्हेंटिलेटर किती?
२. विद्यार्थी तिथे किती तास असतो? २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार अलाइड हेल्थ अभ्यासक्रम किमान २,००० तासांचा हवा.
३. प्रत्येक कामाची नोंदवही असते का, तिच्यावर सही कोण करतं?
४. पदवीला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे? शेवटी इंटर्नशिप आहे का?

जमलं तर जाऊन बघा. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडलाही आहे. तिथल्या जाणकारांना विचारलं तर खरी माहिती मिळते.

शिक्षकांसाठी एक उपक्रम : नववी-दहावीच्या वर्गात मुलांना शांत बसवून मिनिटाचे श्वास मोजायला सांगा. मग वरची दोन गणितं फळ्यावर द्या. 'भागाकार कशाला शिकायचा?' या प्रश्नाचं उत्तर मुलांना आपोआप मिळेल.