घोटभर पाण्याने मोठा केलेला नाटककार

नाटकाचे वेड आपल्या झाडीपट्टीला नवे नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सारा धानाचा मुलूख. धान घरात आले, दिवाळी सरली, मंडई भरू लागली की गावोगावी दंडार उभी राहते, रात्र-रात्र नाटके रंगतात. दिवसभर बांधात राबलेला माणूस रात्री घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत मांडवात बसतो. या झाडीच्याच मातीतून आलेला एक नाटककार अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचला. त्यांचे नाव प्रेमानंद गज्वी. आपल्या मुलाबाळांना हे नाव ठाऊक असले पाहिजे.

गज्वींचा जन्म १५ जून १९४७ रोजी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिंपळगाव येथे झाला. देश स्वतंत्र व्हायला अवघे दोन महिने उरले होते. पण स्वातंत्र्य आले म्हणून गावची विहीर सर्वांना मोकळी झाली असे नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी केला. त्याला पन्नास वर्षे झाली त्याच वर्षी, म्हणजे १९७७ साली, गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आली. पन्नास वर्षांनंतरही घोटभर पाण्यासाठी माणसाला माणसापुढे ओंजळ का पसरावी लागते, हाच तिचा प्रश्न होता.

या एकांकिकेला ना पडदा लागतो, ना नेपथ्य, ना भारी पोशाख. दोन नट पुरे. तेच दोघे वेगवेगळी माणसे होतात आणि पाण्याची सारी कहाणी डोळ्यांपुढे उभी करतात. पैसा लागत नाही, म्हणून ती महाविद्यालयात झाली तशी वस्तीच्या चौकातही झाली. तिचे सुमारे तीन हजार प्रयोग झाल्याचे सांगतात, चौदा भाषांत ती गेली.

गज्वी तेवढ्यावर थांबले नाहीत. 'देवनवरी'त त्यांनी देवाच्या नावाने सोडलेल्या मुलींचे दुःख मांडले, 'तनमाजोरी'त वेठबिगाराचे. आणि मग त्यांनी लिहिले 'किरवंत'. किरवंत म्हणजे अंत्यविधी करणारा ब्राह्मण. मेल्यावर त्याच्यावाचून कोणाचे चालत नाही, पण जिवंतपणी त्याला कोणी पंक्तीला घेत नाही. जातीचा चटका आयुष्यभर सोसलेल्या समाजातला लेखक ब्राह्मणाचे दुःख कशाला लिहितो, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला मजल्यामजल्यांची उतरंड म्हटले होते. वरच्या मजल्यावरही एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा पाय असतो, हे गज्वींनी दाखवून दिले. ज्याने आपल्याला विटाळ मानले, त्याच्या घरातला विटाळ पाहून ते हसले नाहीत. तेही माणसाचेच दुःख म्हणून त्यांनी मांडले. हे मन मोठे असल्यावाचून जमत नाही. डॉ. श्रीराम लागू यांच्यासारख्या नामवंत नटाने १९९१ साली हे नाटक रंगभूमीवर आणले.

पुढे 'गांधी-आंबेडकर' आले. या दोन थोर पुरुषांची पहिली भेट १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात झाली आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. तो वाद अजून मिटलेला नाही. गज्वींनी दोघांना समोरासमोर उभे केले आणि मध्ये एक विदूषक आणला. तो दोघांनाही प्रश्न विचारतो. नाटक पाहणाऱ्याने नुसत्या टाळ्या वाजवून घरी जाऊ नये, डोके चालवावे, अशी ही मांडणी आहे.

विदूषकाकडून प्रश्न विचारून घेण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले, त्यातही विदूषक आहे. भटजीने नाडलेले शेतकरी जोडपे त्यात शेवटी शिक्षणाची वाट धरते. पण दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि छापून यायला १९७९ साल उजाडले. पुढे जलसाकारांनी ढोलकीवर बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. गज्वी याच वाटेवरचे. मात्र कला केवळ करमणुकीसाठी नाही, ती ज्ञानासाठी आहे, असे ते सांगतात. त्यासाठी त्यांनी 'बोधी रंगभूमी'चा विचार मांडला आणि बोधी नाट्य परिषदेमार्फत नव्या लेखकांच्या कार्यशाळा घेतल्या. लिहिणारा एकटा मोठा होऊन भागत नाही, मागून येणाऱ्याचा हात धरावा लागतो, हे त्यांनी कृतीने दाखवले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपुरात ९९ वे नाट्यसंमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी गज्वी होते. ज्या नागपुरात १९५६ साली आपल्या आईवडिलांनी, आजोबा-आजींनी नवा जन्म घेतला, तिथेच हा मान त्यांना मिळाला. ज्यांना एकेकाळी मांडवाबाहेर बसून नाटक पाहावे लागे, त्यांच्यातला माणूस मंचाच्या मधोमध बसला.

वाचकहो, चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत वर्गणी गोळा होते. कमान, रोषणाई, मिरवणूक, सारे होते. ते जरूर व्हावे. पण त्यातच एक संध्याकाळ नाटकाला द्यावी. लेखकाची रीतसर परवानगी घ्यावी, दोन होतकरू मुले किंवा मुली निवडाव्या, विहाराचे अंगण झाडून घ्यावे आणि 'घोटभर पाणी' करावे. खर्च फारसा नाही. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवावे. नाटक संपल्यावर त्यांनी आपल्या लहानपणच्या विहिरीची गोष्ट नातवंडांना सांगावी. ती गोष्ट ऐकून एखाद्या पोराने वही-पेन हाती घेतले, तर तेवढ्या एका संध्याकाळचे सार्थक झाले.